शिकणाऱ्याची ओढ, ऐकणाऱ्याचा कान

अमराठी प्रौढांसाठी आम्ही गेली काही वर्षे सायंकाळचा मराठी वर्ग चालवतो. त्याच्या प्रवेश-अर्जावर एक रकाना आहे: 'मराठी का शिकावीशी वाटते?' अर्ज छापताना तो केवळ उपचार म्हणून ठेवला गेला होता. पुढे मात्र साऱ्या अर्जात तेवढाच वाचण्याजोगा निघाला. देशाच्या सर्व दिशांनी माणसे पोटासाठी येऊन जिथे स्थिरावली, त्या पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात या रकान्यात काय काय उतरते त्याचा एक स्वतंत्र संग्रह व्हावा. 'नोकरीत उपयोग होईल.' 'सासूबाईंना हिंदी आवडत नाही.' 'मुलीला शाळेत मराठी आहे, तिचा अभ्यास घेता यावा.' 'तुकारामांचे अभंग मुळातून वाचायचे आहेत.' बिहारमधून येऊन एका वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या तरुणाने लिहिले होते, 'मुकादम मराठीत काय बोलतो ते कळावे.' मुकादम बोलतो ते चांगले नसणार, ही त्याची खात्री त्या एवढ्याशा वाक्यात स्वच्छ वाचता येत होती.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीचे बालपण बेळगावात गेले, दुसऱ्याचे परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात. दुसरी भाषा अंगवळणी पडणे म्हणजे काय, याचा अनुभव दोघांच्याही गाठीशी आहे; मात्र ते अनुभव एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. अर्जांची ही थप्पी दर जूनमध्ये समोर आली, की आमचा जुना वाद नव्याने सुरू होतो: माणूस दुसरी भाषा शिकतो तो नेमका कशाच्या बळावर?

या प्रश्नाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती कॅनडात. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी मॉन्ट्रियलमधील फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये असे मांडले, की भाषा शिकण्याची उपजत क्षमता ही एक गोष्ट आणि प्रेरणा ही तिच्याहून स्वतंत्र अशी दुसरी गोष्ट. पुढे १९७२ च्या त्यांच्या ग्रंथाने या विचाराला पक्के रूप दिले. प्रेरणेचेही त्यांनी दोन प्रकार पाहिले. नोकरी, बढती, परीक्षा अशा लाभासाठी भाषा हवी असणे, ही साधनात्मक प्रेरणा. ती भाषा बोलणाऱ्या माणसांविषयी ओढ वाटणे, त्यांच्यात ऊठबस करावीशी वाटणे, ही एकात्म प्रेरणा. मॉन्ट्रियलमध्ये दुसऱ्या प्रकारची मुले सरस ठरली. पोटासाठी शिकलेल्या भाषेपेक्षा प्रेमापोटी शिकलेली भाषा अधिक चांगली येते, हा निष्कर्ष कुणालाही आवडावा असाच आहे. साहित्याच्या अध्यापकांना तर फारच.

गंमत अशी, की १९७२ मध्येच या सिद्धान्ताला मोठा छेद गेला, आणि तो दिला मुंबईतल्या मराठी मुलींनी. यास्मीन लुकमानी यांनी मराठीभाषक अशा साठ शाळकरी मुलींच्या इंग्रजीचा आणि प्रेरणेचा संबंध तपासला. पाश्चात्त्य वळणापासून तुलनेने दूर असलेल्या घरांतल्या या मुली. इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात मिसळून जावे, त्यांच्यासारखे व्हावे, ही त्यांची मुख्य ओढ नव्हती. त्यांना इंग्रजी हवे होते ते चांगली नोकरी मिळावी, आयुष्य थोडे वर सरकावे म्हणून. आणि इंग्रजीतील प्रावीण्याशी जुळून आली ती हीच साधनात्मक प्रेरणा. मॉन्ट्रियलचे सूत्र मुंबईत लागू पडले नाही. भाषाशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत या अभ्यासाचा उल्लेख अनेकदा येतो; मात्र ज्यांच्या घरातल्या मुलींवर तो झाला त्या मराठी समाजात त्याची वार्ता फारशी पोचलेली दिसत नाही. असो.

आमच्यापैकी परभणीकडच्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्रात २००० साली झाला. आम्ही त्याआधीची, पाचवीत 'ए फॉर ॲपल' गिरवणारी पिढी. त्या खेड्यात इंग्रजी बोलणारा समाज असा नव्हताच. मग त्याच्यात मिसळायचे कसे? इंग्रजी म्हणजे दहावीची परीक्षा, आणि दहावीची परीक्षा म्हणजे गावाबाहेर जाणारी एस.टी. तेवढ्या बळावर व्याकरण पाठ झाले, निबंध पाठ झाले, पुढे एम.ए.ला इंग्रजीतील समीक्षाग्रंथही वाचून झाले. तोंड मात्र उघडले नाही ते नाहीच. आजही सभेत इंग्रजीत दोन वाक्ये बोलायची वेळ आली तर ती आधी मनात मराठीत रचली जातात. म्हणजे साधनात्मक प्रेरणेने डोळ्यांपर्यंत भाषा आणून सोडली. ओठांपर्यंत आणायला आणखी काही लागते. ते काय, हा आमच्या वादाचा खरा मुद्दा.

हे दोन प्रकार एकमेकांपासून इतके अलग असतात का, अशीही शंका आम्हाला नेहमी येते. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेले उदाहरण घ्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला तो धर्मकार्यासाठी. येथील भाषा त्याला हवी होती ती त्या कामाचे हत्यार म्हणून. याहून साधनात्मक हेतू कोणता असेल? पण १६१६ मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या त्याच्या क्रिस्तपुराणात मराठीच्या थोरवीच्या ज्या ओव्या आहेत, त्या कामापुरती भाषा शिकलेल्या माणसाच्या वाटत नाहीत. हत्यार हातात धरता धरता त्याचा हातालाच लळा लागावा, असे काहीतरी तिथे झाले आहे. प्रवेश-अर्जाच्या रकान्यात स्टीफन्सने 'धर्मप्रसार' असे लिहिले असते. सदतीस वर्षांनंतर तोच रकाना त्याने कसा भरला असता?

धर्मानंद कोसंबींचे तर कुठल्याच खान्यात बसत नाही. गोव्यातील साखवाळचा हा तरुण, शालेय शिक्षण नाममात्र. 'बालबोध' मासिकात आलेले बुद्धचरित्र वाचून याचे चित्त असे वेधले गेले, की १८९९ च्या अखेरीस तो घराबाहेर पडला. पुण्यात, मग काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. नेपाळात गेला, तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाला. १९०२ मध्ये सिंहलद्वीपात पोचला आणि कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांच्या आश्रयाने पालीचे अध्ययन केले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम, फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, हा इतिहास 'निवेदन' वाचलेल्यांना परिचित आहे. आता याला कोणती प्रेरणा म्हणायची? पालीने नोकरी मिळेल असे १८९९ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पालीभाषक समाजात मिसळावे, तर पाली ही कुणाची घरची बोलीच नव्हे. इथे ओढ होती ती एका मनुष्याच्या, अडीच हजार वर्षांपूर्वी बोलल्या गेलेल्या, शब्दांची.

आणि या ओढीचा खर्चही लक्षात घ्यायला हवा. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी होती, तान्ही मुलगी होती. प्रेरणेवरच्या व्याख्यानांत धर्मानंदांचे नाव आदराने घेतले जाते, घ्यावेच. परंतु त्या प्रेरणेचे हप्ते साखवाळच्या घरात कुणीतरी फेडत होते, हे आम्हाला वर्गात आवर्जून सांगावेसे वाटते. एवढी ओढ प्रत्येक विद्यार्थ्याकडून अपेक्षिणे हे क्रौर्यच ठरेल. शिवाय धर्मानंदांनाही नुसती ओढ पुरली नाही. सुमंगलाचार्यांनी दार उघडले, राहायला जागा दिली, शेजारी बसवून घेतले. ते दार बंद राहिले असते तर?

ही दाराची गोष्ट आमच्यापैकी बेळगावच्या लेकीला सर्वांत जवळची. तिच्या लहानपणी कानडी हा शाळेतला सक्तीचा विषय. घरी सीमाप्रश्नाच्या चर्चा, एक नोव्हेंबरचा काळा दिन, पाट्यांवरून होणारे तंटे. कानडी शिकायची ती पास होण्यापुरती, आणि तीही नाक मुरडून. मुळाक्षरे आली, शब्दांचे अर्थ आले, मार्कही पडले, भाषा काही आली नाही. ती आली भिंतीपलीकडून. शेजारच्या घरात एक कानडी अज्जी होत्या. त्यांना मराठी उत्तम येत असे. आईशी त्या मराठीतच बोलत. पण या मुलीशी त्यांनी कधी मराठीत बोलायचे नाही असे जणू ठरवले होते. अंगणात दिसली की 'ऊट आतेन्री?' जेवलात का, हा प्रश्न, तोही आठ वर्षांच्या पोरीला थट्टेने आदरार्थी. सुरुवातीला उत्तर मराठीत जाई. अज्जी ते ऐकून घेत, आणि तेच उत्तर कानडीत म्हणून दाखवून पुढचा प्रश्न विचारीत. चूक झाली तर हसत नसत. घाई करीत नसत. दोन वर्षांत त्या अंगणात जे झाले ते शाळेच्या सात वर्षांत झाले नव्हते. पुढे बेंद्र्यांची कविता वाचण्याची वेळ आली तेव्हा अडखळत का होईना, पण मूळ कानडीतूनच वाचली गेली. बेंद्रे हे स्वतः घरी मराठी बोलणारे. धारवाडने त्यांना कानडीचे महाकवी केले, सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी कानडी शिकवली, १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कानडी काव्यासाठी मिळाले. धारवाडच्या अंगणातही कुणी अशा अज्जी असतील काय, असे तिच्या मनात नेहमी येते.

तर मुद्दा असा. प्रेरणा ही शिकणाऱ्याने घरून डब्यात बांधून आणायची वस्तू आहे, असे गृहीत धरून आपण सारे बोलतो. विद्यार्थी टिकला तर त्याला ओढ होती, गळाला तर नव्हती. आमच्या वर्गाचा अनुभव याच्या उलट आहे. रकान्यात सर्वांत सुंदर उत्तरे लिहिणारे पुष्कळदा सर्वांत आधी गळतात. तुकारामांसाठी आलेले गृहस्थ चौथ्या आठवड्यानंतर दिसले नाहीत. मुकादमासाठी आलेला तरुण शेवटपर्यंत आला.

तो का आला, याचा आम्ही शोध घेतला. त्याच्या शेजारच्या लेथवर साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले एक फिटर होते. त्यांना तो काका म्हणे. त्यांचे हिंदी यथातथाच, आणि सुधारण्याची हौस नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढे सरकवून ते याच्याशी मराठीत बोलत. एके दिवशी सुट्टी झाल्यावर हा 'काका, मी जातो' म्हणाला, तर ते म्हणाले, "जातो काय म्हणतोस रे? येतो म्हणावं." दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्याने आम्हाला विचारले, जाताना येतो का म्हणायचे? त्या एका शब्दावर आमचा अर्धा तास गेला. अशुभाची भीती, परत येण्याचे आश्वासन, निरोपाची सारी मराठी रीत त्यात निघाली. 'ळ' त्याला अखेरपर्यंत जमला नाही, बाळाचा बाल होत राहिला; पण भाषा जमली. मुकादमाचे बोलणेही उलगडले. निम्म्या शिव्याच होत्या, त्याचा संशय खरा होता. उरलेले निम्मे 'हात सांभाळ' असे होते.

कोट्टायमहून आलेल्या परिचारिकेची गोष्ट याहून बोलकी आहे. तिचा 'ळ' आमच्यापेक्षा स्वच्छ, कारण तो मल्याळममध्ये आहेच. अडचण लिंगाची. मल्याळम क्रियापदाला लिंगाचा विकार नाही. मराठीत मात्र टेबल ते, खुर्ची ती आणि पलंग तो. ती जिद्दीने याद्या करी, दर आठवड्याला वहीत पन्नास नामे. एवढे करूनही तिसऱ्या महिन्यात ती खचली. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो: "मी मराठी बोलते, ते हिंदी बोलतात. मग मी कोणाशी शिकू?" रुग्णालयातल्या स्पेशल रूमचे नातेवाईक सुशिक्षित, सौजन्यशील. सिस्टरच्या तोंडून 'गोळी घेतला का' आले की ते चटकन हिंदीवर येत. तिला त्रास नको, हाच हेतू. पण त्या सौजन्याने दार दररोज पन्नास वेळा हलकेच बंद होत होते.

मराठी माणसाच्या या सवयीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, बहुधा अस्मितेच्या अंगाने: आपल्याच भाषेची लाज, न्यूनगंड वगैरे. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपली भाषा मोडकीतोडकी ऐकण्याची सवयच आपल्याला नाही. इंग्रजी शेकडो वर्षे परक्यांच्या तोंडून वेडीवाकडी ऐकली गेली. हिंदी तर तशी रोजच ऐकली जाते. मराठी कान मात्र शुद्धलेखनाच्या वातावरणात वाढलेला. 'बँक बंद झाला' असे ओडिशाहून बदलीवर आलेला अधिकारी म्हणाला की समोरचा एक तर हसतो, नाही तर हिंदीत शिरतो. तिसरी शक्यता, म्हणजे 'हो ना, आज लवकर बंद झाली' असे सहज म्हणून पुढे जाणे, ही फार थोड्यांना सुचते. बेळगावच्या अज्जी रोज नेमके हेच करीत.

बॉनी नॉर्टन यांनी १९९५ मध्ये कॅनडात स्थलांतरित झालेल्या पाच स्त्रियांविषयी लिहिले ते इथे आठवते. या स्त्रियांना इंग्रजी शिकण्याची तळमळ कमी नव्हती. पण ज्यांच्याशी बोलून ती यायची, ते त्यांना बोलण्याच्या अधिकाराचे माणूस मानीतच नव्हते. म्हणून नॉर्टन यांनी प्रेरणेऐवजी 'गुंतवणूक' ही संज्ञा पुढे केली. माणूस आपला वेळ, आपला मान भाषेत गुंतवतो तो काही परतावा मिळेल या आशेने, आणि तो परतावा देणे न देणे समोरच्याच्या हाती असते. संज्ञा बाजारातली आहे, आमच्या कानाला थोडी खुपते. पण मॉन्ट्रियलच्या दोन खान्यांपेक्षा ती आमच्या परिचारिकेच्या अधिक जवळ जाते.

त्या परिचारिकेने स्वतःच उपाय काढला. जनरल वॉर्डात ड्यूटी मागून घेतली. तिथे जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांतल्या म्हाताऱ्या येतात. त्यांना हिंदी येत नाही आणि त्याची खंतही नाही. "कंबार लई दुखती गं पोरी," असे म्हटल्यावर पळून जायला दुसरी भाषा दोघींपाशीही नाही. काही महिन्यांत तिच्या मराठीला वेग आला, मात्र ती 'लई', 'न्हाई', 'कुठं चाल्ली' अशी मराठी होती. वर्गातल्या एकाने ही अशुद्ध भाषा आहे म्हणून तक्रार केली. आम्ही त्या दिवशी पुस्तक मिटून बोलीभाषांवरच बोललो. प्रमाणभाषा तिला पुढे कधीतरी येईल, न आली तरी काही बिघडत नाही. कंबर दुखते हे तिला कळते आणि म्हातारीला ती 'पोरी' वाटते, हे भाषेचे पुष्कळ मोठे काम झाले.

आता सक्तीविषयी. सक्तीला सरसकट नावे ठेवणे मराठीच्या अध्यापकांना शोभणार नाही. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य करणारा २०२० चा कायदा झाला, तेव्हा त्यातून निदान तासिका, पुस्तक आणि शिक्षक यांची सोय झाली. या गोष्टी प्रेमाने मिळत नाहीत. पण २०२५ मध्ये एप्रिल ते जून या अडीच महिन्यांत पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला, त्या सगळ्या गदारोळात भाषेची चर्चा झाली ती सक्ती कोणी कोणावर करावी एवढ्यापुरतीच. त्याच सुमारास मराठी न बोलल्यावरून दुकानदाराला मारहाण झाल्याची बातमी देशभर पसरली. आमच्या वर्गात त्या पावसाळ्यात एकदम गर्दी झाली. नवे आलेले लोक रकाना कोरा सोडत. त्यांच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी विनंती केली, "सर, दहा वाक्यं लिहून द्या, पाठ करतो." भीतीला दहाच वाक्ये पुरतात, अंगावर येणाऱ्याला परतवण्यापुरती. अकरावे वाक्य कुणाशी तरी बोलायचे असते. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने २७ जून १६८४ रोजी फर्मान काढून स्थानिक भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम रयतेला दिला होता. पोर्तुगीज सत्ता पुढे आणखी पावणेतीनशे वर्षे टिकली. घराघरांत कोकणीच राहिली.

गेल्या वर्षी आम्ही अभ्यासक्रमात एक बदल केला. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मराठी माणूस जोडून द्यायचा. त्याने आठवड्यातून अर्धा तास फक्त मराठीत बोलायचे, काही झाले तरी हिंदीवर यायचे नाही, हसायचे नाही, आणि विचारल्याशिवाय चूक दुरुस्त करायची नाही. विद्यार्थी मिळवण्यापेक्षा अशी माणसे मिळवणे कठीण गेले. अनेकांनी उत्साहाने नाव दिले आणि दुसऱ्या भेटीत 'उसको समझ में नहीं आता' म्हणून माघार घेतली. जे टिकले त्यांत तीन निवृत्त शिक्षिका आहेत, एक रिक्षाचालक आहेत, आणि महाविद्यालयाच्या फाटकावरचे लातूरकडचे चौकीदार आहेत. ओडिशाच्या बँक अधिकाऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. या वर्षीच्या यादीत आजमितीस नऊ नावे आहेत. विद्यार्थी तेवीस.